सेजविक-राफ्टर चेंबर: शैवालबहर मोजायला भरवशाचं, धोक्याची पहिली चाहूल घ्यायला अपुरं

किनाऱ्याजवळचं पाणी एकाएकी तांबडं, हिरवं किंवा तपकिरी झालं की आधी विचारलं जातं, हे कोणतं शैवाल? आणि लगेच पुढे, लिटरमागे किती पेशी? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या साधनांत सेजविक-राफ्टर चेंबर स्वस्त आहे, साधं आहे आणि जगभर वापरात आहे. जाड काचपट्टीवर ५० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १ मिमी खोल अशी खाच, तिच्यात मावणारं पाणी बरोबर १ मिली. तळावर १ मिमीच्या चौकटींची जाळी कोरलेली असते. चौकटी १०००, आणि प्रत्येक चौकटीवर १ मायक्रोलिटर पाणी. वरून झाकायला एक जाड आयताकृती कव्हर ग्लास. बस्स, एवढंच. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही, वार्षिक देखभालीचा करार नाही.

मत आधीच सांगतो. ज्या कॉलेजात किंवा मत्स्यविभागाच्या प्रयोगशाळेत साधा कंपाउंड मायक्रोस्कोप आहे, तिथे हे चेंबर असायलाच हवं. पाण्याचा रंग बदलला आहे, बहर डोळ्यांना दिसतो आहे, अशा वेळी याने काढलेला आकडा खुशाल अहवालात लिहावा. पण शिंपल्यांत विष साचवणाऱ्या जातींवर पाळत ठेवायची असेल, तर बाटलीतलं पाणी जसंच्या तसं या चेंबरमध्ये भरून काढलेला 'शून्य' हा आकडा धोकादायक आहे. असा शून्य अहवालात लिहूच नये.

कारण सरळ गणिताचं आहे. चेंबरमध्ये १ मिली पाणी बसतं. अख्खं चेंबर मोजलं आणि त्यात एकच पेशी दिसली, तरी हिशेब लिटरला १००० पेशी असा होतो. त्याखालचं काहीही या चेंबरला दिसत नाही. आता डायनोफायसिसचं उदाहरण घ्या. जुलाब-उलट्या घडवणारं ओकाडेइक आम्ल तयार करणारी ही जात लिटरला काहीशे पेशी असतानाही शिंपल्यांत विष साचवू शकते. तेव्हा पाण्याचा रंग बदललेला नसतो, कोणाला काही खटकलेलंही नसतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कॅरेनिया ब्रेव्हिस ही विषारी जात लिटरला ५००० पेशींच्या वर गेली की शिंपले काढायला बंदी येते. ५००० म्हणजे या चेंबरमध्ये जेमतेम ५ पेशी, आणि ५ पेशींच्या मोजणीतली अनिश्चितता जवळजवळ ९० टक्के. बंदी घालायची की नाही, हे असल्या आकड्यावर ठरवता येत नाही.

हा मुद्दा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी तरी हलक्यात घेऊ नये. मंगळूरजवळच्या कुंबळेला १९८३ मध्ये शिंपल्या खाल्ल्याने विषबाधा झाली आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिनाण्यांतून झालेल्या विषबाधेत ७ माणसं दगावली आणि ५०० च्या आसपास लोकांना रुग्णालयात जावं लागलं. दोन्हीकडे दोष सॅक्सिटॉक्सिन गटातल्या, लकवा आणणाऱ्या विषांचा होता. हे विष शिजवल्याने जात नाही, शिंपल्याला चव किंवा वासही देत नाही. तिसऱ्या, कालवं, शिनाणे, मुळे रोजच्या जेवणात असलेल्या कोकण-गोव्याच्या पट्ट्यात पेशी मोजणाऱ्या माणसाच्या हातात किती मोठी जबाबदारी आहे, ते यावरून कळावं.

गंमत म्हणजे मूळ पद्धतीत ही उणीव नव्हती. सेजविक आणि राफ्टर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव मोजायला ही रीत बसवली, तेव्हा पाणी आधी वाळूच्या थरातून गाळून त्यातले जीव थोड्या पाण्यात एकवटले जात आणि मगच ते पाणी चेंबरमध्ये भरलं जाई. पुढे वाळू गेली, चेंबर राहिलं, आणि एकवटण्याची पायरी बऱ्याच प्रयोगशाळांच्या सवयीतून निसटली. ती परत आणली की हेच चेंबर दसपट, शंभरपट उपयोगी होतं. त्याबद्दल पुढे तपशिलात सांगतो.

काचेचं घ्यावं की प्लास्टिकचं?

बाजारात दोन तऱ्हा आहेत. काही कंपन्या दोन्ही बनवतात, शिवाय स्थानिक पुरवठादारांकडे काचेच्या पट्ट्या चिकटवून केलेली चेंबरं मिळतात. काचेचं चेंबर प्लास्टिकच्या कित्येक पट महाग पडतं. काचेतली जाळी बारीक आणि स्वच्छ दिसते, आयोडीनचे डाग बसत नाहीत, वर्षानुवर्षं वापरलं तरी पारदर्शकपणा टिकतो. प्लास्टिकचं चेंबर पॉलिस्टायरीनचं, साच्यातून काढलेलं. म्हणून एकाच कंपनीच्या दोन नगांची खोली जवळजवळ सारखी असते, हा त्याचा मोठा गुण. हातातून पडलं तरी फुटत नाही, त्यामुळे तीसजणांच्या प्रात्यक्षिकाला तेच बरं. तोटे असे: ओरखडे लवकर पडतात, लुगोल आयोडीनने (नमुना टिकवायला त्यात घालायचं द्रावण) काही महिन्यांत पिवळट होतं, आणि अॅसिटोनचा थेंब लागला तर कायमचं धुरकटतं. शिवाय नव्या प्लास्टिकवर पाणी नीट पसरत नाही, कोपऱ्यात बुडबुडे अडकतात. पहिल्या वापराआधी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, मग डिस्टिल्ड पाण्याने चांगलं खंगाळलं की हा त्रास बराच कमी होतो.

चिकटवलेल्या काचेच्या चेंबरची गोष्ट वेगळी. दिसायला ते महागड्यासारखंच असतं, पण पट्ट्यांखालच्या गोंदाचा थर जाड राहिला तर खोली १ मिमीऐवजी १.१ मिमी होते. मग तुमचा प्रत्येक आकडा १० टक्के चढा येतो, तोही कायम एकाच दिशेने, आणि कितीही वेळा मोजलं तरी ही चूक सापडत नाही. म्हणून नवं चेंबर आलं की, ते कोणत्याही कंपनीचं असो, आधी वजन करून तपासावं. कोरडं चेंबर कव्हर ग्लाससकट मिलिग्रॅमच्या तराजूवर ठेवून तराजू शून्यावर आणा, खोलीच्या तापमानाचं डिस्टिल्ड पाणी भरा, बाहेरून टिपकागदाने कोरडं करा आणि पुन्हा वजन घ्या. २५ अंशांना १ मिली पाण्याचं वजन ०.९९७ ग्रॅम भरतं. पाच वेळा करून सरासरी काढा. सरासरीत दोन-तीन टक्क्यांपर्यंत फरक असेल तर चालवून घ्यावा. त्याहून जास्त असेल तर खरा घनफळाचा आकडा चेंबरच्या डबीवर लिहून ठेवा आणि गणितात १ ऐवजी तोच वापरा. पाच मापं आपसातच ५ टक्क्यांनी इकडेतिकडे होत असतील, तर दोष बहुधा चेंबरचा नाही, भरणाऱ्या हाताचा आहे.

चिकटवलेलं चेंबर गरम पाण्यात टाकू नये, रात्रभर भिजत ठेवू नये, ऑटोक्लेव्हला तर अजिबात लावू नये. सांधा सुटला की ते गेलंच म्हणून समजा.

भरताना काय चुकतं

कव्हर ग्लास सरळ न ठेवता तिरका ठेवायचा, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे उघडे राहतात. एका कोपऱ्यातून नमुना सोडायचा, दुसऱ्यातून हवा बाहेर पडते. पाणी भरत आलं की कव्हर ग्लास आपोआप फिरून जागेवर बसतो, तो बोटाने ढकलायचा नाही. जास्त भरलं तर ग्लास पाण्यावर तरंगतो आणि खोली वाढते, कमी भरलं तर कोपऱ्यात हवा राहते. १ मिलीच्या मायक्रोपिपेटची निळी टीप वापरत असाल तर तिचं टोक कात्रीने ३-४ मिमी कापा. बारीक तोंडातून डायटमच्या (काचेसारख्या कवचाच्या शैवालाच्या) लांब साखळ्या तुटतात, मोठ्या पेशी अडतात आणि मोजणी कमी येते.

नमुन्याची बाटली जोरात हलवू नये. हळूहळू उलटी-सुलटी करावी, वीस-तीस वेळा तरी, आणि लगेच पाणी घ्यावं. मध्ये कोणाशी बोलत उभं राहिलं की डायनोफायसिससारखे जड डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशी जीव) तळाला जातात. फ्रिजमधून काढलेली बाटली तशीच वापरली तर चेंबर गरम होताना पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते, म्हणून बाटली आणि चेंबर दोन्ही आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. भरल्यावर १५ मिनिटं चेंबर सपाट जागी स्थिर ठेवा. मग तळावर फोकस करून मोजायला घ्या. अधूनमधून एखाद्या चौकटीत फोकस वरपर्यंत नेऊन काही तरंगतंय का तेही बघा. पंखा किंवा एसी थेट अंगावर येत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात कडेने हवा आत शिरू लागते. डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब कव्हर ग्लासच्या कडेला लावला की मोजणी पुरी करता येते. बोटीवर मात्र हे चेंबर वापरायला जाऊ नका. हेलकाव्याने पेशी चौकटी बदलत राहतात आणि एकच पेशी दोनदा मोजली जाते.

लुगोलचं द्रावण घरचं करणं सोपं आहे: २०० मिली डिस्टिल्ड पाणी, २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १० ग्रॅम आयोडीन, २० मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल. आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवावं आणि मग आयोडीन घालावं, कारण साध्या पाण्यात आयोडीन विरघळत नाही. २५० मिली नमुन्याला १ ते २.५ मिली पुरतं. पाण्याला फिकट कोऱ्या चहाचा रंग आला की थांबा. जास्त घातलं तर पेशी इतक्या काळपट होतात की कवचावरच्या खुणाच दिसत नाहीत. तसं झालं तर मोजायच्या वेळी सोडियम थायोसल्फेटचा एक थेंब रंग उतरवतो. बाटली गडद रंगाच्या काचेची हवी. प्लास्टिक आयोडीन शोषून घेतं, रंग उडतो आणि दोन-तीन महिन्यांत नमुना सडतो. महिन्याला एकदा बाटल्या बघाव्यात, रंग उतरला असेल तर थोडं लुगोल पुन्हा घालावं. या बाटल्या मायक्रोस्कोपच्या कपाटात ठेवू नयेत, आयोडीनच्या वाफेने धातूचे भाग गंजतात.

मोजणी आणि तिची खरी किंमत

चौकटीच्या रेषेवर पडलेल्या पेशींचा नियम आधीच ठरवून घ्यावा: वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. साखळी दिसली तर साखळ्या नव्हे, त्यातल्या पेशी मोजायच्या. ऐन बहरात लिटरला १० लाख पेशी असतील तर चौकटीमागे सरासरी एक पेशी पडते. मोजायला हे फार सोयीचं आहे. लांबीच्या बाजूने चार ओळी मोजल्या की २०० चौकटी होतात, म्हणजे चेंबरचा पाचवा हिस्सा. लिटरला १ कोटीवर गेलं की चौकटीमागे दहा-दहा पेशी येतात आणि नजर थकते. तिथे नमुना दसपट पातळ करावा, तोही गाळलेल्या समुद्राच्याच पाण्याने, नळाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने नव्हे.

अनिश्चितता कशी काढायची ते प्रत्येकाने पाठच करावं: मोजलेल्या पेशींचं वर्गमूळ काढा आणि २ ला त्याने भागा. ४०० पेशी मोजल्या तर अधिक-उणे १० टक्के, १०० मोजल्या तर २०, २५ मोजल्या तर ४०. प्रबंधांत लिटरला ३,४५७ पेशी असे आकडे छापलेले दिसतात, आणि मागे मोजलेल्या पेशी असतात तीन-चार. असा आकडा वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. किती पेशी मोजल्या हे तक्त्यात लिहायला एक स्तंभ पुरतो, तो ठेवावाच. शिवाय एकच चेंबर पूर्ण मोजण्यापेक्षा दोन वेगवेगळी भरून प्रत्येकाचा अर्धा भाग मोजलेला बरा, कारण बाटलीतून पाणी घेताना होणारी चूक त्यातच उघडी पडते. लुगोल घातल्याने घनफळ एक टक्का वाढतं त्याची दुरुस्ती करायची का, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. करा, पण खरी अनिश्चितता २० टक्क्यांची असताना त्या एका टक्क्याने काही बिघडत नाही.

एकवटण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग निवळू देण्याचा. लुगोल घातलेला २५० मिली किंवा १ लिटर नमुना मोजपात्रात हलणार नाही अशा जागी अंधारात ठेवायचा. जुना नियम पाण्याच्या उंचीच्या दर सेंटिमीटरला ४ तास असा आहे. लहान पेशींसाठी तो पाळायचा तर २५ सेमी उंचीला ४ दिवस लागतात. डायनोफायसिस किंवा सॅक्सिटॉक्सिन बनवणाऱ्या अलेक्झांड्रियमसारख्या मोठ्या पेशी त्याच्या कितीतरी आधी तळाला बसतात, त्यांच्यासाठी ४८ तास पुरे. मग वरचं पाणी बारीक नळीने सायफन करून काढायचं. नळीचं आतलं टोक वरच्या बाजूला वळवलेलं असावं, म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही. शेवटचं २० ते २५ मिली ठेवायचं, त्याचं नेमकं घनफळ मोजायचं. ते मोजायला विसरलं तर सगळी मेहनत फुकट.

दुसरा मार्ग चाळणीचा, आणि कोकणातल्या खाड्यांसाठी तोच चांगला. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी पाण्यात इतका गाळ असतो की निवळलेल्या नमुन्यात पेशींइतकाच चिखल एकवटतो आणि चेंबरचा तळच दिसेनासा होतो. २० मायक्रॉनच्या जाळीची चाळणी बारीक चिखल खाली सोडते आणि मोठ्या, कवचवाल्या पेशी वर धरते. २ लिटर ताजं पाणी, आधी २०० मायक्रॉनच्या जाळीतून काढून प्राणीप्लवक आणि कचरा वेगळा करायचा, मग २० मायक्रॉनच्या चाळणीवर स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचं. पंप लावायचा नाही, चाळणी कोरडी पडू द्यायची नाही. वर राहिलेलं गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने २० मिलीपर्यंत धुऊन घ्यायचं आणि मग लुगोल घालायचं. आता नमुना शंभरपट घट्ट झाला. एक चेंबर म्हणजे १०० मिली समुद्र, आणि एक पेशी दिसली तर लिटरला १०. समजा या चेंबरमध्ये डायनोफायसिसच्या ३६ पेशी सापडल्या. लिटरला ३६०, अनिश्चितता एक तृतीयांश, म्हणजे २४० ते ४८० च्या दरम्यान. हा आकडा निर्णय घ्यायला पुरेसा आहे. तेच पाणी न एकवटता भरलं असतं, तर बहुतेक वेळा चेंबर रिकामं दिसलं असतं.

चाळणीची मर्यादाही आहे. कवच नसलेल्या नाजूक पेशी जाळीवर फुटतात, म्हणून कॅरेनिया किंवा चॅटोनेलासाठी ही रीत नको. आणि बोटीमागून ओढलेल्या प्लँक्टन नेटचा नमुना याच्या जागी चालवू नये. नेटमधून नेमकं किती पाणी गेलं ते सांगता येत नाही, कारण बहरात जाळी मिनिटभरात तुंबते. नेटचा नमुना जात ओळखायला घ्या, मोजायला बाटलीतलं पाणी.

कोणत्या जातीला हे चेंबर चालतं, कोणत्या नाही

नॉक्टिल्युकाला हे चेंबर चुकीचं. कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा बहुधा तिच्याच असतात, आणि उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी पसरणारी हिरवी नॉक्टिल्युकाही तीच जात, पोटात हिरवं सहजीवी शैवाल वागवणारी. पेशी २०० मायक्रॉनपासून २ मिमीपर्यंत, आणि चेंबर १ मिमी खोल. मोठ्या पेशी कव्हर ग्लासखाली चेपतात. शिवाय त्या तरंगतात आणि लुगोलने आक्रसून ओळखू येत नाहीत. त्यांच्यासाठी ताजं ५ ते १० मिली पाणी पेट्री डिशमध्ये घ्यावं, खाली चौकटींचा कागद ठेवावा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काही तासांच्या आत जिवंतपणीच मोजावं.

फेब्रुवारी ते मे या काळात पश्चिम किनाऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी दिसणारं ट्रायकोडेस्मियम दुसऱ्या तऱ्हेने चकवतं. त्याच्या पेशींत वायूच्या पुटकुळ्या असतात, त्यामुळे ते निवळत नाही, वरच राहतं. सायफन करताना तुम्ही नेमकं तेच फेकून देता. गोड्या पाण्यातल्या नीलहरित शैवालाच्या पुटकुळ्या सिरिंजच्या दाबाने फोडता येतात, पण ट्रायकोडेस्मियमच्या पुटकुळ्या १२ ते ३७ बार दाब सोसतात, तिथे सिरिंज हरते. त्याला चाळणीवर धरावं, तंतू मोजावेत, २०-३० तंतूंची लांबी मोजून सरासरी पेशीसंख्या काढावी आणि गुणावं.

चॅटोनेलाचे बहर केरळच्या किनाऱ्यावर नोंदले गेले आहेत. मासे मारणारी ही पेशी लुगोलमध्ये आकार हरवते आणि तिचा नुसता गोळा दिसतो. नमुन्याचा एक भाग जिवंत ठेवून त्याच दिवशी बघितला नाही, तर ती नोंदीतून गळते. स्यूडोनिट्स्किया या, डोमोइक आम्ल हे विष बनवू शकणाऱ्या डायटमच्या बाबतीत चेंबरवर फार तर रुंदीवरून ३ मायक्रॉनहून जाड आणि बारीक असे दोन गट पाडता येतात. जातीचं नाव लिहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप किंवा डीएनए तपासणी लागते, अहवालात नुसतं 'प्रजाती' लिहून थांबावं. अलेक्झांड्रियमच्या कवचावरच्या पट्ट्या बघायच्या तर कॅल्कोफ्लोरने रंगवून अतिनील प्रकाशात बघाव्या लागतात, तेही वेगळ्या स्लाइडवर. कारण या चेंबरवर ४० पटींची ऑब्जेक्टिव्ह चालतच नाही: तिचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि पेशी १ मिमी पाण्याखाली, वर कव्हर ग्लास. जबरदस्तीने खाली आणली तर लेन्स काचेवर आपटते. १० पटींची बिनघोर चालते. २० पटींची घेण्याआधी तिचं काम करायचं अंतर तपासा. त्यामुळे २० मायक्रॉनपेक्षा लहान फ्लॅजेलेट या चेंबरमध्ये दिसले तरी ओळखता येत नाहीत.

त्यांच्यासाठी पामर-मॅलोनी चेंबर आहे, ०.१ मिलीचं आणि ०.४ मिमी खोल. ते ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे एकूण ४०० पट मोठं करून बघायला चालतं, पण एक पेशी दिसली की लिटरला १०,००० असा त्याचा हिशेब. रक्तपेशी मोजायचा न्यूबाउअर चेंबर तर फक्त प्रयोगशाळेत वाढवलेल्या घट्ट कल्चरसाठी, समुद्राच्या पाण्याला नको. कमी संख्येसाठी सगळ्यांत चांगली रीत उटेरमोलची. ५० मिली पाणी नळकांड्यात निवळवून तळाशी बसलेल्या सगळ्या पेशी मोजायच्या, म्हणजे एक पेशी लिटरला २० बरोबर. तिला इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप लागतो, आणि तो बऱ्याच कॉलेजांत नाही. तो असेल तर विषारी जातींची नियमित पाळत उटेरमोलनेच करा. नसेल तर चाळणी आणि सेजविक-राफ्टर ही जोडी त्या कामाच्या बरीच जवळ जाते.

पाणी कुठून घ्यायचं हे ठरवायला हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या समुद्रविषयक माहिती संस्थेची उपग्रहावरची शैवालबहर माहिती सेवा उपयोगी पडते. पावसाळी ढगांखाली उपग्रहाला काही दिसत नाही आणि खाडीच्या गढूळ पाण्यात हरितद्रव्याचा आकडा फसवा येतो, तेव्हा शिंपल्यांच्या जागा ठरवून तिथूनच दर पंधरवड्याला पाणी घेतलेलं बरं. आणि चेंबर विष मोजत नाही, हे लक्षात असू द्या. सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम, डोमोइक आम्लाची २० मिलिग्रॅम, आणि या दोन्ही मर्यादा शिंपल्याच्या मांसातल्या आहेत. पेशींचा आकडा चढला की मांसाचा नमुना लगेच बर्फात घालून विषतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, बहर ओसरायची वाट बघायची नाही.

मागणी नोंदवताना संशोधनासाठी एक काचेचं जाळी कोरलेलं चेंबर आणि विद्यार्थ्यांसाठी दोन प्लास्टिकची घ्यावीत. काही स्वस्त नगांवर जाळीच नसते. ते स्वस्त म्हणून घेतलं तर नेत्रिकेत व्हिपल ग्रिड (चौकटी कोरलेली काचेची चकती) बसवून स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडने) मापन करावं लागतं आणि बचत तिथेच संपते. कव्हर ग्लास चेंबरच्या आधी फुटतात, जादा चार मागवून ठेवा. मायक्रोस्कोपीच्या साध्या पातळ कव्हर स्लिप इथे चालत नाहीत, त्या मधोमध वाकतात आणि खोली बदलते. आणि त्याच बिलात २० मायक्रॉन आणि २०० मायक्रॉनच्या जाळीच्या दोन चाळण्या, २५० मिलीची दोन मोजपात्रं, सायफनची नळी आणि गडद काचेच्या बाटल्या घाला. दोन पैसे वाचवायचेच असतील तर काचेच्या चेंबरऐवजी प्लास्टिकचं घ्या, पण चाळण्या यादीतून काढू नका.